गोचीड दिसतो गाईवर, पण त्याचं घर असतं गोठ्याच्या भिंतीत!

गाईच्या कानात, गळ्याच्या पोळीखाली किंवा कासेजवळ वाटाण्याएवढा फुगलेला करडा किडा दिसला की बहुतेक जण काय करतात? चिमटीत धरतात, ओढतात आणि तिथेच मातीत फेकून देतात. आठ-दहा दिवसांनी बघावं तर पुन्हा तेवढेच गोचीड. मग दुकानातून औषध येतं, फवारणी होते, थोडे दिवस बरं जातं आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

औषध बनावट होतं, दुकानदारानं फसवलं, असं मग वाटू लागतं. कधी कधी तसंही असेल. पण बऱ्याचदा कारण वेगळंच असतं. जनावराच्या अंगावर जेवढे गोचीड दिसतात, त्याच्या कितीतरी पट जास्त अंडी आणि पिल्लं त्याच वेळी गोठ्याच्या भेगांत, दगडांखाली, शेणकचऱ्यात आणि गवतात असतात. आपण फक्त जेवायला आलेल्या पाहुण्यांना हाकलतो, त्यांच्या घराला हातच लावत नाही.

म्हणून गोचीड आटोक्यात आणायचा असेल, तर आधी तो कुठे राहतो, कसा वाढतो आणि त्याला कधी गाठायचं हे समजून घ्यायला हवं.

गोचीड म्हणजे नेमकं काय?

आपण त्याला किडा म्हणतो, पण गोचीड कीटक नाही. तो कोळी आणि विंचवाच्या कुळातला आहे. कीटकांना सहा पाय असतात, मोठ्या गोचिडाला आठ. अंड्यातून नुकतंच बाहेर पडलेलं पिल्लू मात्र सहा पायांचं असतं आणि मोहरीच्या दाण्याहूनही लहान असतं. त्यामुळे ते सहसा नजरेतच येत नाही.

गोचिडाला पंख नाहीत आणि पिसवेसारखी उडीही मारता येत नाही. तो गवताच्या शेंड्यावर किंवा भिंतीच्या कडेला चढून वाट बघत बसतो. त्याच्या पुढच्या पायांवर वास, उष्णता आणि श्वासातून बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड ओळखणारा एक अवयव असतो. जनावर जवळ आलं की तो पुढचे पाय पसरतो आणि केसांना धरून अंगावर जातो.

एकदा योग्य जागा सापडली की तो तोंड कातडीत खुपसतो. त्याच्या लाळेमुळे जनावराला चावा फारसा कळत नाही आणि रक्तही गोठत नाही. बऱ्याच जाती तोंडाभोवती सिमेंटसारखा घट्ट होणारा स्राव सोडतात. ‘गोचिडासारखा चिकटलाय’ असं आपण म्हणतो, ते अगदी शब्दशः खरं आहे.

कान, पोळी, जांघा, कास आणि शेपटीखालची जागा या त्याच्या आवडत्या जागा. तिथली कातडी पातळ असते आणि जनावराची जीभ किंवा शेपटी तिथे सहज पोचत नाही.

एक मादी, हजारो अंडी

आपल्याकडच्या गाई-म्हशींवर प्रामुख्याने दोन प्रकारचे गोचीड त्रास देतात. दोघांची राहण्याची पद्धत वेगळी आहे आणि सगळी मेख तिथेच आहे.

पहिला रिपिसेफॅलस मायक्रोप्लस. जुन्या पुस्तकांत याचं नाव बूफिलस असं सापडेल. हा पिल्लू असताना एका जनावरावर चढतो आणि तिथेच लहानाचा मोठा होतो. याला साधारण तीन आठवडे लागतात. मग रक्ताने तट्ट फुगलेली मादी खाली पडते, ओलसर सावलीची जागा शोधते, दोन-तीन हजार अंडी घालते आणि मरते. अंड्यांतून निघालेली पिल्लं गवतावर चढून नव्या जनावराची वाट बघतात. हवेत ओलावा असेल तर ती काही न खाता दोन-तीन महिने सहज तग धरतात.

दुसरा हायलोमा. याचे लांब, पट्टेदार पाय लगेच ओळखू येतात. हा एकाच जनावरावर सगळं आयुष्य काढत नाही. रक्त पितो, खाली उतरतो, भिंतीच्या भेगेत शिरून कात टाकतो आणि भूक लागली की पुन्हा बाहेर येतो. दगड-मातीच्या भिंती, गव्हाणीखालची पोकळी, लाकडी खांबांच्या चिरा ही त्याची हक्काची घरं.

आता हिशेब बघा. तुम्ही ओढून मातीत फेकलेली फुगलेली मादी बहुतेक वेळा मरत नाही. तिचं रक्त पिऊन झालेलं असतं आणि तिला खालीच पडायचं असतं. ते काम तुम्ही करून दिलेलं असतं! दोन-तीन हजारांतली शंभर पिल्लं जरी जगली, तरी पुढच्या महिन्याची सोय झाली.

रक्त तर जातंच, पण खरा धोका वेगळा

एक फुगलेली मादी साधारण अर्धा ते दोन मिलिलिटर रक्त पिते. ऐकायला किरकोळ वाटतं. पण अंगावर शंभर-दोनशे माद्या असतील तर जनावराचं रक्त सतत कमी होत राहतं. वजन वाढत नाही, दूध घटतं, वासरं खुरटतात. चावलेल्या जागी जखमा होतात, त्यांवर माश्या बसतात आणि किडे पडतात. कासेवरच्या जखमांमुळे धार काढताना गाय लाथा मारू लागते.

खरा धोका मात्र गोचिडाच्या लाळेतून येणाऱ्या आजारांचा आहे.

थायलेरियोसिस : हा हायलोमातून पसरतो आणि बरेच पशुपालक यालाच ‘गोचीड ताप’ म्हणतात. 104 ते 106 अंश फॅरनहाइटपर्यंत ताप, खांद्यापुढे आणि मागच्या पायाच्या वर लिंबाएवढ्या गाठी, डोळ्यांतून पाणी, धाप आणि खाणं बंद ही त्याची लक्षणं. संकरित गाई आणि लहान वासरं यात पटकन दगावतात.

बबेसिओसिस : याची ठळक खूण म्हणजे लाल किंवा कॉफीच्या रंगाची लघवी. रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात आणि त्यांचा रंग लघवीत उतरतो. बबेसिया हा परजीवी गोचिडाच्या मादीकडून तिच्या अंड्यांत जातो. म्हणजे पिल्लू जन्मतःच आजार घेऊन येतं.

ॲनाप्लाज्मोसिस : ताप, पांढुरक्या पडलेल्या हिरड्या, कावीळ आणि झपाट्याने येणारा अशक्तपणा. यात लघवी मात्र सहसा लाल होत नाही.

2022 मध्ये महाराष्ट्रात लम्पी त्वचारोगाने थैमान घातलं, तेव्हा गोठ्यात फवारणी करा असं वारंवार सांगितलं जात होतं. त्याचं कारण हेच. त्या विषाणूचा प्रसार डास, चावणाऱ्या माश्या आणि गोचीड यांच्यामार्फत होतो.

देशी गाईला त्रास कमी का होतो?

एकाच गोठ्यात खिलार आणि होल्स्टिन संकरित गाय बांधलेली असेल, तर फरक उघड दिसतो. वशिंडाच्या गाईंवर, म्हणजे गीर, खिलार, देवणी, डांगी यांसारख्या जातींवर, गोचीड तुलनेने कमी टिकतात. त्यांच्या कातडीची प्रतिकारशक्ती अंगावर चढलेल्या बऱ्याच पिल्लांना पोट भरू देत नाही. शिवाय या गाई स्वतःला जास्त चाटतात आणि कातडी थरथरवतात.

ऑस्ट्रेलियातल्या पशुपालकांनी याच गुणासाठी भारतीय रक्ताची ब्राह्मण जातीची जनावरं नेली आणि उत्तरेकडच्या गोचिडांच्या पट्ट्यात आपल्या युरोपीय जनावरांशी त्यांचा संकर केला.

पण याचा अर्थ देशी गाईला गोचीड होतच नाहीत असा नाही. अशक्त, आजारी किंवा नुकत्याच व्यालेल्या देशी गाईवरही ते वाढतात. शिवाय आजारातून बरी झालेली गाय थायलेरियाचे जंतू अंगात बाळगून राहू शकते आणि शेजारच्या संकरित कालवडीला तिच्यामुळे धोका होतो.

अमेरिकेने चाळीस वर्षं लढून काय शिकवलं?

एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत एक कोडं होतं. टेक्ससमधली धडधाकट जनावरं उत्तरेकडे हाकत नेली, की वाटेतल्या गावांतली स्थानिक जनावरं तापाने मरायची. टेक्ससच्या जनावरांना मात्र काही होत नसे. थिओबाल्ड स्मिथ आणि फ्रेड किलबोर्न यांनी प्रयोग करून 1893 मध्ये दाखवून दिलं, की हा ताप गोचिडातून पसरतो. हा आजार म्हणजे वर सांगितलेला बबेसिओसिस. किडा चावून रक्तातला परजीवी एका जनावरातून दुसऱ्यात जातो, हे सिद्ध करणाऱ्या अगदी सुरुवातीच्या शोधांपैकी हा एक.

1906 मध्ये तिथल्या सरकारने निर्मूलन मोहीम सुरू केली. गावोगावी औषधी पाण्याचे हौद बांधले. ठरलेल्या दिवसांच्या अंतराने प्रत्येक जनावर त्यातून काढलं. काही कुरणं महिनोन् महिने रिकामी ठेवली, म्हणजे तिथली पिल्लं उपाशी मरतील. 1943 पर्यंत मेक्सिकोच्या सीमेलगतची एक पट्टी सोडून हा गोचीड देशातून जवळपास संपला होता. त्या पट्टीवर आजही पहारा आहे.

आपल्याकडे अशी मोहीम सोपी नाही. जनावरं मोकळी चरतात, बाजारात फिरतात, रानातल्या प्राण्यांशी त्यांचा संबंध येतो. पण त्यातली तीन तत्त्वं आपल्या गोठ्यालाही लागू पडतात : सगळ्या जनावरांवर एकाच वेळी उपचार, ठरावीक अंतराने पुन्हा उपचार आणि जागेला विश्रांती.

मग करायचं काय?

*पहिलं, गोठा.* भिंतीच्या आणि जमिनीच्या भेगा सिमेंटने बुजवा. सिमेंट परवडत नसेल तर निदान गव्हाणीभोवतीच्या आणि माणसाच्या उंचीपर्यंतच्या भेगा लिंपून घ्या आणि चुना मारा. जुने दगड, लाकडं, फाटकी पोती गोठ्यातून हलवा. शेण आणि उरलेली वैरण रोज काढा, उकिरडा गोठ्याला चिकटून ठेवू नका. ज्या दिवशी जनावरांना औषध लावाल, त्याच दिवशी भिंती, भेगा आणि खांबांच्या बुडाशीही गोठ्यासाठीच्या औषधाची फवारणी करा. दगडी किंवा विटांच्या भिंतीवर फ्लेम गन फिरवण्याची पद्धतही आहे. मात्र त्याआधी जनावरं आणि कडबा बाहेर काढायलाच हवा आणि छप्पर गवताचं किंवा लाकडी असेल तर हा उपाय करूच नये.

*दुसरं, जनावर.* एकाला औषध लावून बाकीच्यांना सोडलं तर उपयोग नाही. गाई, म्हशी, बैल, वासरं, शेळ्या आणि राखणीचा कुत्रा या सगळ्यांवर एकाच दिवशी उपचार हवेत. मात्र प्रत्येकासाठीचं औषध आणि मात्रा वेगळी असते, हे डॉक्टरांकडून ठरवून घ्या. एकदा फवारून थांबू नका. गवतातली आणि भेगांतली पिल्लं पुढच्या दिवसांत पुन्हा चढतात, म्हणून साधारण दोन-तीन आठवड्यांनी दुसरी फेरी लागते. नेमकं अंतर औषधानुसार ठरतं.

*तिसरं, चराई.* शक्य असेल तर कुरणाचे भाग पाडा आणि एकेक भाग दोन-तीन महिने रिकामा ठेवा. बांधावरचं वाढलेलं गवत कापा. पावसाळ्यात आणि त्यानंतर ओलाव्यामुळे गोचीड झपाट्याने वाढतात, म्हणून पहिली जोरदार मोहीम पावसाळ्याच्या तोंडावरच घ्या. अंगावर शेकड्याने दिसेपर्यंत थांबलात, तर पुढच्या पिढीची अंडी आधीच पडलेली असतात.

*चौथं, नवं जनावर.* बाजारातून आणलेली गाय थेट दावणीला बांधू नका. तिला दोन-तीन आठवडे वेगळं ठेवा, औषध लावा, ताप बघा. चांगल्या चाललेल्या गोठ्यात गोचीड आणि आजार बरेचदा याच वाटेने शिरतात.

गोठ्यात गावरान कोंबड्या फिरत असतील तर त्या खाली पडलेले गोचीड टिपून खातात. गायबगळेही तेच करतात. ही चांगली मदत आहे, पण एवढ्यावर विसंबून चालत नाही. आणि फवारणी केलेल्या दिवशी कोंबड्या गोठ्याबाहेरच ठेवा.

औषध वापरताना होणाऱ्या चुका

शेतीचं कीटकनाशक जनावरावर मारणं : ही सर्वांत घातक चूक. पिकावरचं औषध जनावराच्या कातडीसाठी बनवलेलं नसतं. ते अंगात शोषलं जाऊन लाळ गळणं, थरथर, झटके आणि मृत्यू ओढवू शकतो. जळकं ऑइल आणि रॉकेलही कातडी भाजतात.

मात्रा अंदाजाने घेणं : एकाच औषधाच्या दोन बाटल्यांत तीव्रता वेगळी असू शकते. त्यामुळे ‘एक झाकण एका बादलीला’ हा हिशेब चालत नाही. जास्त झालं तर विषबाधा. कमी झालं तर गोचीड मरत नाहीत, उलट जे चिवट आहेत तेच जगून त्यांची पैदास होते.

नाव बदलणं, गट न बदलणं : डेल्टामेथ्रिन, सायपरमेथ्रिन आणि फ्लुमेथ्रिन ही वेगवेगळी औषधं वाटतात, पण ती एकाच कुळातली आहेत. एकाला दाद न देणारे गोचीड बहुधा दुसऱ्यालाही दाद देत नाहीत. भारतात अशी दाद न देण्याची उदाहरणं नोंदली गेली आहेत. बदलायचंच असेल तर अमिट्राझसारख्या वेगळ्या गटातलं औषध डॉक्टरांना विचारून घ्या. अमिट्राझ घोड्यांना मात्र चालत नाही.

आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन स्वतःच देणं : त्याचा अंश दुधात उतरतो. दुभत्या गाईला ते द्यायचं की नाही आणि दिल्यास दूध किती दिवस वापरायचं नाही, हे डॉक्टरच ठरवतील.

फवारणीची पद्धत चुकणं : उन्हाच्या तडाख्यात किंवा पावसात फवारू नका. आधी जनावराला पोटभर पाणी पाजा, म्हणजे ते अंग कमी चाटेल. केसांच्या उलट दिशेने, कानाची बाहेरची बाजू, पोळी, जांघा आणि शेपटीखाली नीट पोचेल असं फवारा. डोळे, तोंड आणि उघड्या जखमा टाळा. वैरण आणि पाणी झाकून ठेवा. धार काढण्याआधी कास धुवा. तुमच्या हातात मोजे आणि तोंडावर मास्क हवाच. उरलेलं औषध ओढ्यात ओतू नका, यातली बरीच औषधं माशांसाठी विष आहेत.

कडुनिंबाचं किंवा करंजाचं तेल लावावं का? थोडेच गोचीड असतील तर त्यांना दूर ठेवायला मदत होते. पण अंग गोचिडांनी भरलं असेल किंवा ताप असेल, तर तेलावर वेळ घालवू नका. तंबाखूचं पाणी आणि सीताफळाच्या बियांची पूड हे उपायही घरोघरी सांगितले जातात. तंबाखूतलं निकोटीन विषारी असतं आणि सीताफळाच्या बियांची पूड डोळ्यात गेली तर गंभीर इजा होते. त्यामुळे हे दोन्ही टाळलेले बरे.

लस आहे का?

गोचिडातून येणाऱ्या थायलेरियोसिसवर भारतात ‘रक्षावॅक-टी’ ही लस तयार झाली आहे. ती जिवंत पण दुबळ्या केलेल्या परजीवींची असते आणि द्रवरूप नायट्रोजनमध्ये साठवावी लागते, म्हणून ती प्रत्येक गावात सहज मिळत नाही. संकरित गाई पाळत असाल तर पशुवैद्यकीय दवाखान्यात तिची चौकशी जरूर करा. ही लस आजारापासून वाचवते, गोचीड मात्र मारत नाही.

माणसालाही धोका आहे

गोचीड नुसत्या हाताने चिरडू नका. हायलोमातून क्रायमियन-काँगो रक्तस्रावी ताप माणसाला होऊ शकतो. भारतात तो 2011 मध्ये गुजरातेत पहिल्यांदा पक्का निदान झाला. गोचिडाचा चावा किंवा बाधित जनावराच्या रक्ताचा संपर्क या वाटांनी तो पसरतो आणि जनावर मात्र वरून ठणठणीत दिसतं.

कोकण आणि गोव्यात माकडताप परिचयाचा आहे. 1957 मध्ये कर्नाटकातल्या क्यासनूर जंगलात तो पहिल्यांदा ओळखला गेला. नंतर गोव्यातल्या सत्तरीत आणि सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग भागातही त्याचे रुग्ण सापडले. तो पसरवणारे गोचीड जंगलातले असतात आणि तिथे चरणाऱ्या गुरांवर त्यांची संख्या वाढते. त्या भागात रानात जाताना अंगभर कपडे घाला, मेलेल्या माकडाजवळ जाऊ नका आणि ताप आला तर रानात गेल्याचं डॉक्टरांना आवर्जून सांगा.

अंगावरचा एखाद-दुसरा गोचीड काढायचा असेल तर मोजे घाला, चिमट्याने कातडीलगत पकडून सरळ ओढा आणि तो झाकणाच्या बाटलीतल्या स्पिरिटमध्ये टाका. जमिनीवर फेकू नका.

डॉक्टरांना लगेच कधी बोलवायचं?

लघवी लाल किंवा गडद झाली, ताप 104 अंशांच्या वर गेला, खांद्यापुढे गाठ लागली, हिरड्या पांढऱ्या किंवा पिवळ्या पडल्या, धाप लागली किंवा जनावराने वैरण सोडली, तर सकाळपर्यंत थांबू नका. या आजारांवर औषधं आहेत, पण प्रत्येकाचं औषध वेगळं आहे. रक्ताचा नमुना तपासून दिलेलं योग्य औषध पहिल्या एक-दोन दिवसांत मिळालं तर जनावर वाचण्याची शक्यता खूप वाढते. पशुवैद्यकीय मदतीसाठी 1962 हा टोल फ्री क्रमांक आहे.

आणि हे सगळं सुरू करण्याआधी एक काम आज रात्रीच करता येईल. अंधार पडल्यावर बॅटरी घेऊन गोठ्यात जा आणि गव्हाणीमागच्या भेगांत, खांबांच्या चिरांत आणि दगडांखाली उजेड टाकून बघा. फवारणी कुठून सुरू करायची, हे त्या भेगाच सांगतील.